महाराष्ट्रातील कुंभार : श्रेणी, बलुते आणि मातीवरचा हक्क

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची बरीचशी कालगणना खापरांवर उभी आहे. प्रवरेच्या खोर्‍यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तेथे मिळालेल्या, तांबूस-केशरी लेपावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेल्या मृद्भांड्यांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथील थरांचा काळ ठरविताना पुरातत्त्वज्ञ प्रथम खापराकडे वळतो. भांडे असे बोलके. ते घडविणारा मात्र मुका राहिला आहे. उत्खननाच्या अहवालांत भांड्यांचे काठ, गळे, बुडे, लेप आणि नक्षी यांचे वर्गीकरण पानोपानी आढळते; कुंभाराच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला तरी पुष्कळ.

घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेले उत्खनन याला काही अंशी अपवाद आहे. तेथे भांडी भाजण्याची भट्टी मिळाली. वस्तीच्या मांडणीचा विचार करताना म. के. ढवळीकर यांनी असे दाखवून दिले की, प्रमुखाचे व संपन्न शेतकर्‍यांचे वास्तव्य मध्यभागी होते, तर कुंभारासह इतर कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत होते. धूर व राख यांमुळे भट्टी कडेला असणे सोयीचेच. परंतु कडेला राहणार्‍या माणसाचे गावाशी नाते कोणत्या स्वरूपाचे होते, हा प्रश्न तेव्हापासूनच इतिहासासमोर उभा आहे.

कुंभाराच्या व्यवसायाला उतरती कळा का लागली, असे विचारले असता पितळ, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक ही उत्तरे तत्काळ मिळतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. मागणी घटली हे त्यांतून समजते. कारागिराची समाजातील व कायद्यातील जागा कशी बदलली, हे समजत नाही. कुंभार ज्या मातीवर जगला ती माती त्याला कोणत्या नात्याने मिळत होती आणि ते नाते कोणकोणत्या टप्प्यांनी बदलले, एवढ्याच प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नाशिकच्या लेण्यातील एक ठेव

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील एक शिलालेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने संघातील आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवल्याची ती नोंद होय. ही ठेव राजाकडे किंवा एखाद्या धनिकाकडे न ठेवता तिने कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांत कुलरिकांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण, ओदयंत्रिकांच्या म्हणजे जलयंत्रे तयार करणार्‍यांच्या श्रेणीकडे दोन हजार आणि तिळाचे तेल गाळणार्‍यांच्या श्रेणीकडे पाचशे असे उल्लेख आहेत. ‘कुलरिक’ या शब्दाचा ‘कुलाल’ या शब्दाशी संबंध जोडून बहुतेक अभ्यासकांनी त्याचा अर्थ कुंभार असा केला आहे.

या लेखाचे महत्त्व केवळ आर्थिक इतिहासापुरते नाही. कायमच्या ठेवीत मुद्दल अबाधित ठेवून फक्त व्याज खर्ची घालायचे असते. याच लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांवर दरमहा शेकडा एक आणि पाऊण असे व्याजाचे दर नोंदविले आहेत. अशा ठेवी स्वीकारणारी संस्था टिकाऊ, सामूहिक व विश्वासार्ह असावी लागते. तिसर्‍या शतकातील नाशिकच्या कुंभारांना अशी संस्था होती आणि एका परक्या कुळातील स्त्रीला तिच्यावर एक हजार कार्षापणांचा विश्वास टाकावासा वाटला. तेलाच्या व्यावसायिकांपेक्षा ही रक्कम दुप्पट आहे, हेही विसरून चालणार नाही.

श्रेणीचे सभासद नगराच्या बाजारासाठी माल तयार करीत. सातवाहन व सातवाहनोत्तर काळात तेर, पैठण, नाशिक, जुन्नर अशी केंद्रे व्यापारी मार्गांवर होती आणि तेथील मागणी मोठी होती. पुढे व्यापार मंदावला, नगरे ओसरली, ग्रामकेंद्रित अर्थव्यवस्था बळावली. या स्थित्यंतराच्या कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत व ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, कागदपत्रांत कुंभार पुन्हा ठळकपणे दिसू लागतो तेव्हा ठेवी स्वीकारणारी श्रेणी नाहीशी झालेली असते आणि त्याच्या जागी धान्याचा वाटा घेणारा ग्रामसेवक उभा असतो.

चाक, थापटणे आणि उकिरडा

बलुत्याकडे वळण्यापूर्वी या कामाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. कारण इतिहासलेखनात कुंभार म्हणजे चाक असे समीकरण रूढ झाले आहे आणि ते दिशाभूल करणारे आहे. पाण्याचे मडके चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर त्याचा काठ, गळा आणि जाड भिंतीचे कच्चे अंग तेवढे तयार होते. ते थोडे सुकल्यावर आतून गुळगुळीत गोलसर दगडाचा अथवा भाजलेल्या मातीच्या गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत ठोकीत भिंत पातळ करावयाची, पोट फुगवायचे व बूड जुळवून गोल करायचे, हा खरा कौशल्याचा भाग. एका हाताचा आघात आणि दुसर्‍या हाताचा आधार भिंतीच्या दोन्ही बाजूंनी अचूक समोरासमोर यावा लागतो. चुकला की भांडे गेले. बैद्यनाथ सरस्वती व बेहुरा यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय ग्रामीण कुंभारकामाच्या पाहणीत ही पद्धत देशभर किती प्रकारांनी रूढ आहे हे सविस्तर मांडले आहे. ज्याला आपण चाकावरचे भांडे म्हणतो ते निम्म्याहून अधिक हातांनी घडविलेले असते.

हा तांत्रिक भेद समाजरचनेतही उतरला. महाराष्ट्रातील कुंभारांच्या पोटजातींत थोरचाके आणि लहानचाके ही नावे आढळतात; चाकाच्या आकारावरून माणसांचे गट ओळखले जात आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांताच्या ग्रंथात चाक न वापरता हाताने भांडी घडविणार्‍यांच्या हाथगढिया या गटाची नोंद आहे. इरावती कर्वे यांनी १९६१ मधील आपल्या हिंदू समाजविषयक ग्रंथात महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण याच कारणासाठी निवडले. एक मूळ जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या, ही रूढ समजूत त्यांनी नाकारली. वेगवेगळे तंत्र असलेले वेगवेगळे गट ‘कुंभार’ या व्यवसायनामाखाली शेजारी-शेजारी आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी आपण सहमत असलो वा नसलो, तरी हातातील अवजार हे ऐतिहासिक साधन मानण्याची त्यांची दृष्टी आजही उपयोगाची आहे.

तंत्राचा दुसरा भाग मातीचा. नुसती काळी माती सुकताना आकसते व तडकते. नुसत्या वाळूमिश्रित मातीला चिकटपणा नसतो. म्हणून तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ आणि शिवारातली दुसरी माती यांचे मिश्रण करावे लागते व त्यात राख, घोड्याची वा गाढवाची लीद मिसळावी लागते. भाजताना लीद जळून जाते आणि भिंतीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाष्प होऊन उडते, म्हणून मडक्यातले पाणी गार राहते. कोणत्या तळ्याचा गाळ, कोणत्या शेताच्या बांधाची माती आणि कोणत्या प्रमाणात, हे ज्ञान त्या त्या गावापुरते असते. गाव सोडणारा कुंभार चाक बरोबर नेऊ शकतो, माती नेऊ शकत नाही.

माती तुडविणे, चाळणे, पाणी आणणे, लीद, राख व जळण गोळा करणे, भांडी उन्हात मांडणे, आवा रचण्यास हात लावणे, भाजलेला माल डोक्यावर घेऊन दारोदार पोहोचविणे, यांतील फार मोठा भाग स्त्रियांच्या वाट्याचा होता व आहे. चाकाला मात्र स्त्रीने हात लावू नये असा दंडक भारताच्या बहुतेक भागांत आढळतो. परिणामी जातिवर्णनपर ग्रंथांत चाकावर बसलेल्या पुरुषाचे वर्णन येते आणि बाई ‘मदतनीस’ ठरते. आपल्या भाषेने मात्र वेगळी साक्ष जपली आहे. ‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच’ ही म्हण आपण कोणाची तरी पाळी आज ना उद्या येणारच अशा अर्थाने सहज वापरतो. तिच्या मुळाशी कामाची एक रोकडी नोंद आहे : आव्याला लागणारे जळण, राख व लीद उकिरड्यावरून आणण्याचे काम घरात नव्याने आलेल्या सुनेचे होते. भिंतीवर चिखलाचे घर बांधणार्‍या माशीलाही मराठीत कुंभारीण म्हणतात. चाकाशिवाय, केवळ अंगच्या कसबाने माती आकारास आणणार्‍या त्या जीवाला स्त्रीलिंगी नाव मिळाले, हा योगायोग असेलही. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाही.

संत गोरोबांची कथा याच दृष्टीने पुन्हा वाचता येते. तेराव्या-चौदाव्या शतकातील या संताविषयी दोन आख्यायिका सर्वश्रुत आहेत. भजनात तल्लीन होऊन माती तुडविताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले, ही पहिली. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून त्यांनी नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही दुसरी. भक्तीच्या इतिहासात त्यांचे अर्थ पुष्कळ लावले गेले आहेत. श्रमाच्या इतिहासाच्या दृष्टीने पहिल्या कथेतील एक तपशील बोलका आहे : मूल बापाजवळ होते, कारण आई पाणी आणावयास गेली होती. दुसर्‍या कथेत थापटणे हे परीक्षेचे साधन बनते, कारण भाजलेल्या मडक्याचा नाद ऐकून पक्के-कच्चे ठरविण्याचा कुंभाराचा नित्याचा परिपाठ श्रोत्यांना ठाऊक होता. गोरोबांचे गाव तेर हे ‘पेरिप्लस’मध्ये तगर म्हणून उल्लेखिलेले प्राचीन नगर होय. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्तींचा मोठा ठेवा आहे. त्या घडविणार्‍यांपैकी एकाचेही नाव आपणास माहीत नाही. त्याच गावात एका कुंभाराची समाधी मात्र सातशे वर्षे पूजिली जात आहे. कारागिराला इतिहासात नाव मिळाले ते संत म्हणून.

बलुते : हक्क आणि बांधिलकी

मराठेशाहीच्या कागदपत्रांत कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून येतो. बलुतेदारांच्या तीन कासांच्या याद्या प्रदेशानुसार बदलत असल्या तरी कुंभाराची जागा सामान्यतः मधल्या कासेत, न्हावी, परीट व मांग यांच्या पंक्तीत असे. वर्षभर लागणारी भांडी त्याने गावाला पुरवावयाची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. यादी केवळ स्वयंपाकाच्या भांड्यांची नव्हती. संक्रांतीची सुगडे, अक्षय्य तृतीयेचा उदककुंभ, बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या, लग्नातली बोळकी आणि अखेर स्मशानात खांद्यावरून नेऊन फोडावयाचे मडके, असे जन्मापासून मरणापर्यंतचे वर्षचक्र त्याच्या आव्यातून निघत असे.

ही व्यवस्था कुटुंबा-कुटुंबांतील आश्रयदाता-सेवक संबंधांची होती की संपूर्ण गावाने ठेवलेल्या सेवकांची, हा वाद प्रसिद्ध आहे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मधील आपल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे दुसर्‍या पक्षाची बाजू घेतली. बलुतेदार हा गावाचा सेवक होता आणि त्याचे वतन ही वारसाहक्काने चालणारी, वाटणी होऊ शकणारी, प्रसंगी विकता येणारी मिळकत होती, असे त्यांनी दाखविले. वतनाच्या तंट्यांचा निवाडा गोतसभेपुढे होत असे. हे मान्य केले म्हणजे एक गोष्ट ओघानेच येते. कुंभार गावाचा सेवक असेल तर गावाची माती हा त्याच्या सेवेचा भाग ठरतो. तळ्यातला गाळ वा पांढरीलगतची माती नेताना त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नसणार, कारण त्या मातीचे भांडे गावातच परत यावयाचे असे.

मात्र बलुत्याच्या याद्यांत धान्याचे वाटे, सणाचे मान, भाकरी, पसा यांचे तपशील येतात; माती घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला क्वचितच आढळतो. जे सर्वांना उघड आहे ते लिहून ठेवण्याची गरज भासत नाही. पुढच्या काळात नेमके हेच कुंभाराच्या मुळावर आले.

बलुतेदारीकडे हळव्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांविषयी लावलेला सूर कठोर आहे. वंशपरंपरेने मिळणार्‍या वाट्यामुळे काम निकृष्ट होते आणि भार कुणब्यावर पडतो, असे त्यांचे मत होते. महसुली दृष्टीचा प्रभाव त्या मतावर आहे हे खरे. पण कुंभाराच्या बाजूने पाहिले तरी चित्र फारसे उजळ नाही. गाव सोडून जाण्यास तो मोकळा नव्हता, भावाची घासाघीस त्याला करता येत नव्हती आणि येणार्‍या-जाणार्‍या अधिकार्‍यांच्या वेठबिगारीत त्याच्या मडक्यांचाही हिशेब नसे. शिवाय मातीच्या भांड्याची मागणी ज्या कल्पनेवर उभी होती ती शुद्धाशुद्धतेची होती. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, विटाळलेले मडके फोडावेच लागते. सुतक, सोयर व ग्रहण यांच्या निमित्ताने चुलीजवळची मडकी बाहेर जात व नवी येत. कुंभाराची भाकरी अशा रीतीने विटाळाच्या कल्पनेशी बांधलेली होती. याचे सर्वांत दारुण टोक म्हणजे पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात बांधावे लागणारे मडके. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) या आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला आहे. ते मडकेही कोण्या कुंभाराच्याच आव्यातले असणार. मातीची भांडी ही ‘आपली निरागस परंपरा’ म्हणून गौरविताना हे मडके वगळता येत नाही.

हक्काची सवलत कशी झाली

एकोणिसाव्या शतकातील बदलांपैकी दोन-तीन परिचितच आहेत. लोहमार्गांबरोबर धातूची भांडी खेड्यांपर्यंत पोहोचली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या यंत्रनिर्मित कौलांनी, चाकावर नळकांडे घडवून ते उभे चिरून केलेल्या कुंभारी नळीच्या कौलांना घराघरांच्या छपरांवरून उतरविले. मुंबईत जे. जे. कलाशाळेतील जॉर्ज टेरी यांनी सिंधमधील कारागीर आणून, अजिंठ्याच्या चित्रांतील नक्षी वापरून झिलईदार भांड्यांची निर्मिती सुरू केली. ती युरोपीय ग्राहकांत व प्रदर्शनांत गाजली. गावच्या कुंभाराशी त्या प्रयोगाचा संबंध नव्हता, म्हणून येथे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अधिक दूरगामी बदल कायद्याच्या पुस्तकात झाला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ३७ ने, जे व्यक्तीच्या मालकीचे नाही ते सरकारचे, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले व त्यात नद्या, ओढे, नाले, सरोवरे व तळी यांच्या पात्रांचाही समावेश केला. इतरांचे सिद्ध झालेले हक्क त्यातून वगळलेले होते. परंतु सिद्ध कशाने करावयाचे? गोतसभेचे महजर धान्याच्या वाट्याविषयी आणि मानपानाविषयी होते. तळ्याच्या गाळाविषयी कुंभाराजवळ दाखविण्यासारखा कागद नव्हता. व्यवहारात त्याला माती मिळत राहिली, यात शंका नाही. कोणी अधिकारी त्याच्या गाढवांना अडवीत बसला असेल असे समजण्याचे कारण नाही. बदलले ते नाते. काल जी माती गावाची म्हणून त्याची होती ती आज सरकारची म्हणून त्याला घेऊ दिली जात होती. हक्काची सवलत झाली.

याच काळात प्रशासनाने ग्रामसेवकांची ‘सरकारला उपयुक्त’ आणि ‘समाजाला उपयुक्त’ अशी विभागणी केली. कुंभार दुसर्‍या गटात गेला, म्हणजे राज्यसंस्थेला त्याची गरज उरली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये मुंबई राज्याने समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करणारा कायदा केला. वतनसंस्थेतील जन्माधिष्ठित बंधने तुटली, हे पाऊल आवश्यक आणि योग्यच होते. पण त्या कायद्याचा विषय जमीन आणि सेवा हा होता. कारागिराच्या कच्च्या मालाचा विचार त्यात नव्हता. चारच वर्षांनी, १९५७ च्या खाण व खनिज विषयक केंद्रीय कायद्याने ‘गौण खनिज’ या संज्ञेत बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू यांबरोबर साध्या मातीचाही समावेश केला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने पाण्याखालच्या जमिनींवरील व खनिजांवरील राज्याचा हक्क कायम ठेवला. बलुत्याचे धान्य ज्या दशकात कायद्याने संपले, त्याच दशकात कुंभाराची माती खनिज झाली. या दोन घटनांचा एकत्र विचार आपल्याकडील आर्थिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

गांधीप्रणीत ग्रामोद्योग चळवळीने या पोकळीत काही काम केले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धा येथे होते आणि स्वातंत्र्योत्तर काळात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने ग्रामीण कुंभारकामाच्या सुधारणेचा व प्रशिक्षणाचा मोठा प्रयत्न उभा राहिला. परंतु या प्रयत्नांचा भर सुधारित चाक, सुधारित भट्टी व झिलई यांवर राहिला.

सांप्रत स्थिती

आजची धोरणे त्याच वाटेने जातात. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेवरील चाकांचे वाटप मोठ्या प्रमाणावर केले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची तरतूद आहे. विजेचे चाक ही उपयुक्त वस्तू आहे. दांड्याने चाक फिरवून खांदे निकामी झालेल्या माणसापुढे तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण कुंभाराची आजची अडचण चाकाची कमी आणि मातीची अधिक आहे. तळी बुजली वा त्यांवर वस्ती झाली, गाळाचे लिलाव होऊ लागले, नदीकाठची माती वीटभट्ट्यांकडे वळली. वीटभट्ट्यांवर राबणार्‍यांत व त्या चालविणार्‍यांतही पुष्कळ कुंभारच आहेत, हे ध्यानात घेतले तर या प्रश्नाची गुंतागुंत कळते.

गणेशमूर्तींच्या व्यवसायात ही स्थिती अधिक स्पष्ट दिसते. पेणसारख्या केंद्रात वापरली जाणारी शाडूची माती गुजरातमधून पोत्यांतून येते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस स्वस्त, हलके आणि साच्यात लवकर सुकणारे असल्याने त्याने शाडूला मागे सारले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली आणि तेव्हापासून हा विषय न्यायालयांत गाजत राहिला. वादात पर्यावरण आले, श्रद्धा आली, रोजगार आला. परवडणारी माती कोठून आणावयाची हा मूर्तिकारांचा प्रश्न बहुधा शेवटच्या ओळीत राहिला.

वंशपरंपरेने हा व्यवसाय करणार्‍या कुंभारांना राज्याच्या गौण खनिजविषयक नियमांत मातीवरील स्वामित्वधनातून सूट देण्यात आली आहे. बलुत्याच्या काळातील न लिहिलेल्या हक्काची ही शेवटची कायदेशीर खूण म्हणावयास हरकत नाही. मात्र तिचा आधार जात व वंश हा आहे, काम हा नाही. काम सोडून दिलेल्या वंशजाला ती लागू होऊ शकते आणि कुंभारकाम शिकलेल्या अन्य समाजातील माणसाला ती नाकारली जाऊ शकते. दुसर्‍या बाजूने, विश्वकर्मा योजनेची नोंदणी कुटुंबातील एकाच व्यक्तीपुरती मर्यादित आहे. ज्या व्यवसायात माती तुडविण्यापासून माल विकण्यापर्यंत अख्खे घर राबते, तेथे ही एक व्यक्ती चाकावर बसणारी असण्याचीच शक्यता अधिक. उकिरड्यावर जाणार्‍या सुनेची नोंद म्हणीत झाली, ती अर्जाच्या नमुन्यात होण्याची सोय नाही.

बलुते घेतलेल्या आणि आठवत असलेल्या पिढीतील माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कोणत्या गावात कोणत्या तळ्याचा गाळ कुंभार नेत असे, त्याला कोणी हरकत घेतली होती काय, सुगीला किती पायली धान्य येई, ते कोणत्या वर्षी थांबले, आवा लावण्याच्या दिवशी घरातील बायका कोणते काम करीत, हे सांगणारा कागद दप्तरखान्यात मिळणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना आपल्या विद्यार्थ्यांकरवी अशा नोंदी करून घेणे अल्प खर्चात शक्य आहे. त्या घेताना पहिला प्रश्न घरातील वृद्ध स्त्रीला विचारावा. मातीची जागा तिला माहीत असते.